भरलेले आणि पोचट

वाघमारे बाई खोली बघायला आल्या तेव्हा त्यांनी पाणी कुठून येतं ते विचारलं नाही, संडास किती लांब ते विचारलं नाही. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "ही खिडकी उत्तरेला आहे ना?"

मी म्हटलं, "उत्तरेलाच हाय. पन वारा नाय येत."

"वारा नकोच आहे," त्या म्हणाल्या आणि खोली घेतली.

अठ्ठ्याहत्तर साल असेल. खारघरच्या डोंगराच्या पायथ्याला आमचं आगरी लोकांचं गाव. खाडीपर्यंतची भातशेती आणि मिठागरं नव्या शहरासाठी घेतली गेली होती. शेतात चुन्याच्या रेघा पडल्या होत्या, शहर मात्र अजून कुठे दिसत नव्हतं. माझा नवरा मिठागर सुटल्यावर खडीच्या मशीनवर जायला लागला होता. मी शेवगा, माठ, मुळा घेऊन पनवेलच्या बाजारात बसायचे. मागची खोली रिकामी होती. बाई पनवेलच्या कॉलेजात झाडांचं शास्त्र शिकवायच्या. वय तिशीच्या अलीकडे पलीकडे, अंगाने काटकुळ्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. साडी एवढी वर खोचायच्या की गावातल्या बाया हसायच्या. पण त्याच बाया चिखलात लावणीला तशाच खोचायच्या, ते त्यांना आठवायचं नाही.

सामान बैलगाडीतून आलं. एक लाकडी पेटी मात्र बाईंनी मांडीवर धरून आणली. शेजारची बारकीबाय सगळ्यांच्या आधी हजर. "पेटीत देव हाय काय?"

"देवापेक्षा जड आहे," बाई म्हणाल्या.

"आनि तुमी कोन?"

"आम्ही बौद्ध. नांदेडकडच्या."

बारकीबाय माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, माझी खोली आहे, कोण राहील ते मी ठरवीन. पण खरं सांगायचं तर माझंही मन साफ नव्हतं. मी त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या वेगळा ठेवला. घागरीला हात लावू नका असं तोंडाने म्हटलं नाही, तांब्या दाराशी ठेवला. लपवायचं कशाला, ठेवला होता.

चार दिवस तसेच गेले. पाचव्या दिवशी बघते तर तांब्यात काचेच्या पट्ट्या भिजत घातलेल्या आणि पाणी लालभडक. मला म्हणाल्या, "अक्का, हा तांब्या माझ्या कामाला फार छान आहे. ह्याचं तोंड रुंद, काचा नीट धुता येतात. तुम्ही मुद्दाम दिलात, बरं झालं. प्यायला मी तुमच्या घागरीतलं घेत जाईन."

आणि घेतलं. माझ्यासमोर, माझ्याच वाटीने. वर त्यांनी माझे उपकार मानले होते. त्या दिवसापासून घागर एकच राहिली. ह्या विषयावर आम्ही दोघी पुढे कधी बोललो नाही. त्यांनी जे करायचं ते करून टाकलं होतं.

पेटीत सूक्ष्मदर्शक होता. त्याला खाली आरसा, म्हणून उत्तरेचा उजेड हवा. खिडकीत काड्यापेट्यांची रांग, प्रत्येकीवर चिठ्ठी. आत फुलं. तीही देवाला वाहण्यासारखी नाहीत, रानातली. तोरणाची, घटबोराची, रानबोराची, करवंदाची. आपण बाजारात जी फळं विकत घेतो, त्यांची रानात राहिलेली भावंडं आहेत, असं त्या सांगायच्या. त्यांच्या फुलातली पिवळी धूळ बाईंना हवी असायची. त्या धुळीला पराग म्हणतात. ती बाप. फुलाच्या मधोमध जी गाठ असते ती आई.

मला वाटलं, एवढं शिकून धूळ बघत बसायचं! एक दिवस त्यांनी मला भिंगाखाली बघायला लावलं. आधी नुसती माझीच पापणी दिसली. मग म्हणाल्या, श्वास सोडा आणि बघा. बघितलं तर धूळ नव्हतीच, दाणे होते. बोराचा दाणा तिकोनी, शिंगाड्यासारखा, आणि तिन्ही कोपऱ्यांवर एकेक बारीक दार. काही दाणे लाल आणि टच्च भरलेले. काही पांढरे, चेपलेले, चिरमुटलेले.

मी म्हटलं, "ह्ये भरलेलं, आनि ह्ये पोचट."

बाईंनी चष्मा वर केला. "काय म्हणालात?"

"पोचट. भात झोडल्यावर राहतो ना, आत दाना नाय असा? तसा."

त्यांनी वही काढली. त्यात इंग्रजी रकाने होते, त्यांच्यावर मराठीत दोन शब्द लिहिले: भरलेले, पोचट. पुढे त्यांच्या सगळ्या वह्यांत तेच रकाने राहिले. कॉलेजातल्या सरांनी विचारलं तर सांगायच्या, आमच्या अक्कांचा शब्द आहे, तुमच्या शब्दापेक्षा लवकर कळतो.

मग मला मोजणीला बसवलं. माझं शिक्षण चौथी. शंभरापर्यंत येत होतं आणि त्यांना शंभरच लागत होते. त्या भिंगातून बघत बोलायच्या, "भरलेला, भरलेला, पोचट, भरलेला," आणि मी चिंचोके टाकायचे, भरलेला डावीकडे, पोचट उजवीकडे. शंभर झाले की दोन्ही ढीग मोजायचे. लाल औषधाचा आंबट वास खोलीभर. त्यात रानबोराच्या फुलाचा वास तर एवढा घाण की माश्या धावत येतात. बाई म्हणायच्या, "हा वास आपल्यासाठी नाही, माश्यांसाठी आहे. त्यांना आवडला की झालं."

त्यांचं एक बोलणं सगळ्या गावाला पाठ झालं होतं. कोणी काहीही ठामपणे म्हटलं की त्या विचारायच्या, "मोजलंय का?" रागाने नाही, साखर आहे का विचारावं तसं. पाऊस कमी झालाय, मोजलंय का? पोरं बिघडली, मोजलंय का? एकदा बारकीबाय त्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "शिकलेल्या बाया संसार नाय करत."

"किती मोजल्यात?" बाईंनी आतून विचारलं.

"त्यात मोजायचं काय?"

"मग मोजा आणि सांगा."

आठ दिवसांनी बारकीबाय आली, ओट्यावर बसली आणि म्हणाली, "मोजल्या. बाजारात, दवाखान्यात, शाळेत, सगल्या मिलून चार. तीन करतात. एक नाय करत. ती एक तुमी."

"आकडा बरोबर आहे," बाई म्हणाल्या, आणि दोघी एवढ्या हसल्या की माझा चहा उतू गेला. तेव्हापासून बारकीबाय रोज यायला लागली. तिने किती चहा प्यायला ते मी मोजलं नाही.

बाईंना लग्नाचं मी कधी विचारलं नाही. आईचं त्यांनी आपणहून सांगितलं. आई शाळेच्या दाराशी बोरं विकायची. पोरं बोर फोडून बघायची, अळी निघाली की ते बोर तिच्या पाटीत परत टाकायची आणि दुसरं उचलायची. ह्या त्याच शाळेत शिकत होत्या. "वर्गाच्या खिडकीतून दिसायचं," एवढंच म्हणाल्या आणि पुढची काच घेतली.

हे एवढ्यासाठी सांगते की आमच्या डोंगरावर एक रानबोर होतं. फळ मटारएवढं, सगळी बीच, आणि तुरट. गुराख्याशिवाय कोणी खात नव्हतं. पण त्यात अळी नसायची. ही गोष्ट मीच बाईंना सहज सांगितली होती, आणि अर्थातच त्यांनी विचारलं, मोजलंय का? पौषात आम्ही दोघींनी ओट्यावर बसून चारशे बोरं ठेचली. एकातही अळी नव्हती. बाई उठून खोलीत गेल्या, परत आल्या, पुन्हा बसल्या. त्यांना काय करावं कळत नव्हतं.

बेत साधा होता. त्या झाडाचं कलम केलं तर तेच बारीक तुरट बोर मिळणार. पण बागेतल्या मोठ्या बोराच्या फुलावर ह्याचा पराग टाकला, बागेतली आई आणि डोंगरावरचा बाप, तर एखादं मूल आईसारखं मोठं आणि बापासारखं बिनअळीचं निघेल. अट एकच, पराग जिवंत हवा. रानच्या झाडांचा कधी कधी सगळाच पोचट निघतो. ते कळायला फुलं यायला हवीत, आणि बोराला फुलं येतात पाऊस सरताना.

पाऊस सरत आला आणि डोंगराला चुन्याची रेघ आली. रस्ता. सर्व्हेचे देसाई साहेब म्हणून होते, माणूस वाईट नव्हता. त्यांच्याकडे नकाशावर रेघ होती आणि रेघेवर झाड होतं. बाई डोंगर चढून त्यांच्याकडे गेल्या. ते म्हणाले, "बाई, झाड कामाचं आहे असं शास्त्रातलं काही लेखी द्या, मग मी वर बोलू शकतो. शनिवारी कामगार येतील. नुसतं बोर गोड नाही पण चांगलं आहे, असं मी वर काय सांगू?"

तिथून उतरताना ओल्या दगडावरून बाईंचा पाय घसरला. घोटा सुजून भोपळ्यासारखा झाला. फूल मिळालं नव्हतंच, कारण दोन दिवस सर येत होती, आणि पाऊस लागलेलं फूल बाई घ्यायच्या नाहीत. मला सांगून ठेवलं होतं, साध्या पाण्यात परागाचा दाणा फुगतो आणि फुटतो. साखरेच्या पाण्यात ठेवला तर मात्र त्या कोपऱ्यातल्या दारातून त्याला कोंब येतो. हे मला माहीत होतं. मुद्दाम लिहिते, माहीत होतं.

शुक्रवारी पहाटे आभाळ कोरडं होतं. मी म्हटलं, बाई, तुमी बसा, मी आनते. उजाडताना चढले, काट्यातून हात घालून चांगले झुपकेच्या झुपके तोडले. मग बाजारात माठ नेते तसं केलं. फडकं ओलं केलं, फुलं गुंडाळली, वरून पाणी मारलं. उन्हात कोमेजायला नकोत. बाईंच्या हातात टवटवीत पडली पाहिजेत. पावसाचं पाणी वेगळं आणि माझ्या हातचं पाणी वेगळं, असं मला वाटलं असणार. विचार केलाच नव्हता. हाताची सवय.

घरी आल्यावर फडकं काढून दोरीवर टाकलं आणि फुलं झटकून काड्यापेटीत ठेवून दिली.

त्या दिवशी बाई भिंगाला डोळा लावून एकच शब्द बोलत होत्या. पोचट. पोचट. पोचट. माझा उजवा ढीग वाढत गेला. दुसरी काच घेतली. तिसरी घेतली. मग त्यांनी कागद घेतला आणि लिहिलं, परागकण जिवंत नाहीत, हे झाड माझ्या कामाचं नाही. खाली सही केली.

मी म्हटलं, "बाई, तो बगायला येनार हाय काय वर? भरलेलं हायत म्हनून लिवा ना."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी कागद मुकाट घेतला. मीच तो देसाई साहेबांना नेऊन दिला. बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. पाय दुखतोय म्हणाल्या.

शनिवारी सकाळी ओट्यावर माठाच्या जुड्या बांधत होते. ओंजळ भरून पाणी मारलं आणि हात तसाच राहिला.

आपण चूक केली हे सांगायला मला कधी आवडलेलं नाही, आजही आवडत नाही. पण ते सांगितल्याशिवाय माठ विकायला गेले असते तर पुन्हा त्या खिडकीकडे बघता आलं नसतं. आत गेले आणि म्हटलं, "बाई, झाड पोचट नाय. मी पोचट हाय. मी फुलांवर पानी मारलं."

मला वाटलं आता आरडाओरडा होणार. त्यांनी वही ओढली आणि विचारलं, "किती पाणी?"

"दोन ओंजळी."

"आणि पाणी मारल्यापासून मला देईपर्यंत किती वेळ?"

"डोंगर उतरेपर्यंत."

सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "अक्का, आधी पेटी वर न्या. मग मला."

मी मिठाच्या पाट्या वाहिलेली बाई. पेटी डोक्यावर नेली, झाडाखाली ठेवली, खाली आले, बाईंना पाठीवर घेतलं. एका हातात त्यांनी चिंचोक्यांची पिशवी धरली होती, ती माझ्या छातीवर आपटत होती. बारकीबाय मागून साखरेचा डबा घेऊन येत होती आणि वाटभर मला बोलत होती. "पानी मारलंस! अगं, माज्यासारकीला पन कलतं!"

वर देसाई साहेब होते, चार कामगार आणि कुऱ्हाडी होत्या. बाई दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "साहेब, माझा कालचा कागद चुकीचा आहे."

"काल तुम्हीच सही करून दिलात."

"दिला. चूक झाली. फुलं ओली होती, मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही."

माझं नाव घेतलं नाही. मी शेजारीच उभी होते.

"म्हणजे आज वेगळं लिहून देणार," साहेब थोडे चिडले. "मी कुठला कागद खरा धरू?"

"एकही धरू नका. तुम्हीच मोजा."

वरच्या फांदीवरची कोरडी फुलं मी काढली. बाईंनी तिथेच काच केली, आरसा आभाळाकडे फिरवला आणि साहेबांना दगडावर बसवलं. साहेबांनाही आधी स्वतःची पापणीच दिसली. "श्वास सोडा आणि बघा," मी म्हटलं. मग ते बोलायला लागले आणि मी चिंचोके टाकायला लागले. भरलेला. भरलेला. भरलेला. पोचट. भरलेला. कामगार कुऱ्हाडी टेकवून माझ्या ढिगांकडे बघत होते. एक जण म्हणाला, डावीकडचा जिंकतोय.

शंभर झाले तेव्हा उजवीकडचा ढीग मुठीत मावत होता.

पुढे साखरेच्या पाण्यातली काच ठेवली. कोंब फुटायला वेळ लागतो. तोवर साहेबांनी डबा उघडला, आम्हालाही चपाती दिली. मग पुन्हा भिंगात बघितलं आणि डोळा न काढता म्हणाले, "अरे, ह्याला शेपूट आलं."

रस्ता हलवणं त्यांच्या हातात नव्हतं, ते त्यांनी सरळ सांगितलं. पण ह्या टोकाचं काम शेवटी घेता येईल म्हणाले, दिवाळी होईपर्यंत.

"दिवाळी पुरे," बाई म्हणाल्या.

त्या महिन्यात त्या तीन वेळा एसटीने मराठवाड्यात गेल्या. त्यांच्या गावाजवळ एकाची बोरांची बाग होती. पराग वाळवून काड्यापेटीत, काड्यापेटी स्टीलच्या डब्यात, आणि डब्याच्या तळाला न विझवलेला कळीचा चुना. चुना ओल शोषून घेतो. मी पानासाठी विझवायला आणलेला, त्यातलाच. डब्याला मी बोटसुद्धा लावलं नाही. लांबूनच विचारलं, कोरडं हाय ना सगलं?

दिवाळीनंतर झाड तोडलं. मी बघायला गेले नाही, बाजाराचा दिवस होता.

पुढच्या वर्षी बाईंची बदली त्यांच्या मुलखात झाली. पेटी मांडीवर घेऊन आल्या होत्या, तशाच गेल्या. तांब्या मागून घेतला. पत्रं यायची, दोन ओळींची. 'फळं धरली सात. बिया पेरल्या सात. रोपं आली चार.' मग, 'एक शेळीने खाल्लं, तीन आहेत.' खुशाली शेवटी, जागा उरली तर.

त्या एकदाच परत आल्या, पंच्याऐंशीच्या माघात. पनवेलच्या बाजूला इमारती दिसायला लागल्या होत्या. केस पिकले होते, चष्म्याला नवी काडी होती. पिशवीभर बोरं आणली होती, त्या तीन झाडांची. सुपारीहून मोठी, पिवळी, एका बाजूने तांबूस. मी तोंडात टाकणार तर म्हणाल्या, "थांबा. आधी मोजायची. मी मोजली तर मला हवं तेच दिसेल. तुम्ही मोजा."

ओट्यावर बसून मी शंभर वेगळी काढली आणि फोडायला घेतली. बारकीबाय ढिगावर नजर ठेवून. पण त्यांची एसटी होती, आणि आम्ही बोलण्यात वेळ घालवला होता. फोडायची राहिलेली पदरात घेऊन मी पनवेलच्या स्टँडवर गेले. बाई गाडीत चढल्या, मी खाली उभी राहून फोडत होते. गाडी निघाली. त्यांनी खिडकीतून मान काढली.

"अक्का, किती?"

"ब्यान्नव फोडली! चार किडकी!"

"आठ राहिली!" त्या ओरडल्या. चष्मा नाकावरून घसरत होता, तो एका हाताने धरला होता आणि दुसऱ्या हाताची बोटं मला दाखवत होत्या, पाच आणि मग तीन. गाडी वळली. त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत.

घरी येऊन आठ फोडली. एकात अळी निघाली.

पोस्टकार्ड घेऊन बसले. बारकीबाय म्हणाली, "चारच लिव. बाय खूश व्हईल. ती काय बगायला येनार हाय?"

माझं अक्षर मोठं, कार्डावर फार मावत नाही. आधी आकडाच लिहिला. पाच.